मागच्या दोरीवरची चादर

आमच्या बेटावर, नांदोंगो गावात सभाघरातल्या चटईवर कोणी कुठे बसायचं हे पणजोबांच्या काळातच ठरून गेलंय. वरच्या टोकाला सरदार. त्याच्या शेजारी पेनायाकाका, कारण सरदाराच्या वतीने बोलायचं काम त्याच्या घराण्याकडे, आणि बोलायची खाज तर त्याला जन्मापासूनच. आम्ही बायका दाराशी. मधोमध यांगोना या आमच्या पेयाची मोठी लाकडी परात आणि परातीमागे एमोसीची जागा. यांगोनाची कुटलेली मुळं पाण्यात कालवायची ती त्याच्याच घराण्याने. कालवणाऱ्याने एकदा मांडी घातली की परात रिकामी होईपर्यंत उठायचं नाही. मधेच उठला तर त्याने सगळ्या गावाला पाठ दाखवली असं धरतात.

ती जागा तीन वर्षं रिकामी होती. परात थोडी बाजूला सरकवून दुसरा कोणीतरी कालवायचा, पण एमोसीच्या जागेवर बसायची कोणाची छाती होत नसे. बाकीची चटई बसून बसून काळपट पडली होती आणि तेवढा तुकडा मात्र नव्यासारखा पिवळा राहिला होता.

गावाचं मत असं की एमोसी रुसलाय. कोणावर? तर नेमानीवर, आपल्या थोरल्या चुलतभावावर. नेमानीच्या होडीतून तो समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी राहणारे काकडीसारखे प्राणी, काढायला गेला आणि पाय गमावून आला, म्हणून त्याने मनात डूख धरलाय. यांगोनाला येत नाही, लग्नाला नाही, मयताला नाही. माणूस चटईवर येत नाही याचा दुसरा अर्थ आमच्याकडे निघतच नाही.

मी ताराइविनी, या गावच्या दवाखान्याची नर्स. एमोसी रुसलेला नव्हता. त्याचं मूत्राशय बिघडलं होतं. हे मला ठाऊक होतं पण बोलायची सोय नव्हती, आणि ज्यांना काही ठाऊक नव्हतं ते रोज संध्याकाळी मला त्याच्या मनाचे कंगोरे समजावून सांगत. ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं.

त्याचं असं झालं. उथळ पाण्यातल्या काकड्या आमच्या लोकांनी ओरबाडून संपवल्या, मग त्या विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने हवेची नळकांडी भाड्याने दिली आणि पोरं खोल जायला लागली. एमोसी गावातला सगळ्यात चांगला पाणबुड्या. त्या दिवशी त्याने एकापाठोपाठ एक नळकांडी संपवली आणि शेवटच्या खेपेला हवा संपत आली म्हणून भराभर वर आला. होडीत बसल्यावर पाठीत कळ आली म्हणाला. सोड्याची बाटली फटकन उघडली की बुडबुडे येतात ना, तसे ते रक्तात येतात आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जाऊन अडकतात. किनाऱ्यावर आणेपर्यंत पाय लुळे पडले होते. म्हाताऱ्यांनी खोबरेल लावून रात्रभर चोळलं. शेजारच्या बेटावर लसी टोचायला गेले होते मी. सकाळी परत आले तेव्हा तो मला म्हणाला, "ताराइविनी, पायांचं राहू दे. मला कालपासून लघवी झाली नाही."

मी नळी घातली तेव्हा अख्खं घमेलं भरलं. तेव्हाच मला कळलं की पाय कदाचित परत येतील, पण हे दुखणं बस्तान ठोकून बसणार. राजधानीला, सुव्याला नेऊन बुडबुडे विरवणाऱ्या दाबाच्या खोलीत ठेवलं, पण उशीर झाला होता. पाय थोडे परत आले, काठीच्या आधाराने ओढत चालण्याइतके. मूत्राशय काही परत आलं नाही. आधी ते मेल्यासारखं पडून होतं, मग काही महिन्यांनी वेड्यासारखं वागायला लागलं. आवळून, घट्ट, मुठीएवढं. न सांगता न विचारता गळायचं, आणि एवढं गळूनही पुरतं रिकामं व्हायचं नाही. राहिलेलं आत कुजायचं, ताप यायचा. मी त्याला स्वतःच नळी घालायला शिकवलं होतं. पण वर्षभरात ती वाटही जखमा होऊन होऊन आखडली. नळी आत जाईना, नुसतं रक्त यायचं.

बायको माहेरी गेली ती गेलीच. राहिली थोरली बहीण, उनाइसी.

आता आमच्याकडे बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नाही, मान म्हणून. समोरासमोर बसत नाहीत, एकमेकांच्या हातात वस्तू देत नाहीत, आणि कमरेखालचा कुठलाही विषय दोघं हजर असताना तिसऱ्यानेसुद्धा काढायचा नाही. उनाइसी विधवा, पोरंबाळं नाहीत, भावाच्या घरापासून चार घरं सोडून राहायची. पहाटे ती त्याच्या मागच्या दाराशी यायची. कुंपणाच्या बांबूवर ओली चादर आणि कमरेला लुंगीसारखा गुंडाळायचा सुलू टाकलेला असायचा. ती दोन्ही घ्यायची, ओढ्यावर धुवायची आणि तिवरांच्या आड बांधलेल्या दोरीवर वाळत घालायची, जिथे खेकड्यांशिवाय कोणी जात नाही. संध्याकाळी वाळलेली घडी आणि केळीच्या पानात झाकलेले कसाव्याचे उकडलेले कंद पायरीवर ठेवून जायची. तीन वर्षांत एक शब्द नाही. तो आतून पावलं ऐकायचा, ती बाहेरून त्याचं खोकणं ऐकायची.

मला मात्र सगळी मोकळीक. त्याची आई माझी आत्या, म्हणजे तो माझा आतेभाऊ, आणि आते-मामे भावंडांनी एकमेकांची अब्रू काढायची हा आमच्याकडे धर्मच आहे. सबंध गावात कमरेखालचं बोलायला त्याला मी एकटीच होते.

तो दिवसभर समुद्रात उभा असायचा. खरंच. भरती असो ओहोटी असो, कंबरभर पाण्यात गळ टाकून. लोकांना नवल वाटायचं, ज्या समुद्राने खाल्लं त्याच्याच मांडीवर हा बसतोय. पोरं म्हणायची एमोसीकाका समुद्राशी भांडतोय. मी एकदा त्याच्या पायाला झालेल्या जखमा बघायला गेले. प्रवाळाने टाचा सोलून निघायच्या आणि त्याला कळायचंही नाही. मी विचारलं, "मासे तर काही मिळत नाहीत. मग मरायला इथे का उभा राहतोस?"

तो म्हणाला, "इथे सगळेच ओले असतात."

मी जुन्या कॅनव्हासच्या बुटांत त्याचे पाय कोंबले आणि निघाले. वाटेत मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, आणि रडू आलं की रडण्याचाच राग येतो.

तिसऱ्या वर्षी न्यूझीलंडच्या शल्यचिकित्सकांचं पथक लांबासाच्या इस्पितळात आलं. मी एमोसीला तापाच्या निमित्ताने बसमध्ये घालून नेलं. तिथल्या उंच डॉक्टरिणीने पडद्यावर त्याचं पोट बघितलं. मग तिने मलाच समजावलं. मूत्राशय आवळलेलं असल्यामुळे आतला दाब मागे फिरतोय, दोन्ही मूत्रपिंडं फुगायला लागलीत. असंच चाललं तर ती जातील. उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. आतड्याचा तुकडा काढून तो मूत्राशयाला जोडायचा, म्हणजे पिशवी मोठी होईल आणि मऊ राहील. आणि अपेंडिक्सची नळी करून एक तोंड मूत्राशयात, दुसरं बेंबीत. मग दिवसातून काही वेळा बेंबीतून नळी घालून लघवी काढायची. मधल्या काळात कोरडा.

"कोरडा?" एमोसीने मधेच विचारलं. बाकीचं त्याने ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

"बहुतेक," डॉक्टरीण म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात आम्ही सुव्याला असू, तेव्हाच. आणि बरोबर घरचं माणूस हवं. कित्येक आठवडे नळ्या लावलेल्या असतील. त्या धुवायच्या, बघायच्या, शिकून घ्यायच्या."

बसमध्ये येताना मी म्हटलं, "जायचं. ठरलं."

"कोणाला नेऊ बरोबर?"

"मी येईन."

"दवाखाना कोण बघेल? तुझा बाप?" हे खरंच होतं, चार गावांना मिळून मी एकटी. "मग? ताईला नेऊ? माझी बेंबी आणि त्याखालचं सगळं तिच्यापुढे उघडं टाकू?"

"नेमानी आहे की."

"नेमानीदादाला काय सांगू?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "होडी त्याची म्हणून आधीच तो अर्धा मेलाय. आता हे सांगितलं की उरलेला अर्धा मरेल. नको. झाकली मूठ बरी आहे."

"मूठ झाकून मूत्रपिंडं जातील, गाढवा."

"तू माझ्याशी लग्न केलं असतंस तर हा प्रश्नच आला नसता," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. हे आम्ही विसाव्या वर्षापासून म्हणत आलोय, आणि प्रत्येक वेळी बोलून झाल्यावर थोडा वेळ दोघं गप्प बसतो.

त्याने जायचं नाकारलं. मी रोज जाऊन भांडत होते आणि त्याच सुमारास गावाने आपलं शहाणपण केलं.

नेमानीचं त्या वर्षी सगळंच फिसकटत होतं. इंजिन बिघडलं, वाऱ्याने छप्पर गेलं, सून दोनदा बाळ घालवून बसली. पेनायाकाकाने निदान केलं. पोटात राग धरून बसलेल्या भावाचे तळतळाट. औषध एकच, नेमानीने देवमाशाचा दात घेऊन जायचं आणि माफी मागायची. आमच्याकडे हा दात पुढे आला की नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर ते वैर नातवंडांपर्यंत चालतं. आणि हो म्हटलं तर त्याच बैठकीत चटईवर बसून एकत्र यांगोना प्यायचा, परात संपेपर्यंत.

मी पेनायाकाकाला म्हटलं, "काका, कशाला? तो रागावलेला नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे."

"मग का येत नाही?"

ते सांगायची सोय नव्हती. पेनायाकाका विजयी मुद्रेने म्हणाला, "सिस्टर, तू ताप बघ. मनं आम्ही बघतो."

एका दुपारी एमोसीला सभाघरात बोलावणं गेलं. सरदाराचं बोलावणं, त्यामुळे यावंच लागलं. सुलूच्या आत काय काय गुंडाळलं होतं ते मला चालीवरून कळलं. त्याला सरदाराच्या उजव्या हाताला मानाच्या जागी बसवलं. नेमानी गुडघ्यांवर रांगत आला, मान खाली, हातात दोरी बांधलेला पिवळा दात. एवढा दांडगा माणूस, पण "एमोसी, होडी माझी होती," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

मी दाराशी बसून एमोसीचा चेहरा बघत होते. माफ करायला त्याच्याकडे काही नव्हतंच. 'दादा, तुझा काय दोष, मी मुततो म्हणून येत नाही,' हे एकच खरं वाक्य होतं आणि ते दाराशी उनाइसी बसलेली असताना जगात कोणाला बोलता आलं नसतं. त्याने दोन्ही हातांनी दात घेतला, कपाळाला लावला. सभाघरात सुस्कारे सुटले. टाळ्या वाजल्या, परात पुढे सरकली आणि पहिली करवंटी त्याच्याकडे आली.

तो एका दमात प्यायला. दुसरी फेरी आली, तीही प्यायला. यांगोना धडधाकट माणसालाही बाहेर पळवतो. तिसरी करवंटी नेमानीच्या हातात होती, ओठाला लागलेली, तेवढ्यात एमोसीचे डोळे बदलले. तो काठी टेकून उठला आणि कोणाकडे न बघता, सरदाराला पाठ दाखवून, पाय ओढत बाहेर गेला.

नेमानीच्या हातातली करवंटी तशीच. मला चटईवरचा डाग दिसला. मी उठले, पाण्याची बादली उचलायच्या मिषाने पुढे गेले आणि नेमकी तिथेच उपडी केली.

"डोळे फुटले का तुझे?" पेनायाकाका ओरडला.

"फुटले," मी म्हटलं आणि पुसत बसले. मान वर केली तेव्हा उनाइसी माझ्या हाताकडे बघत होती.

गावाचा निवाडा संध्याकाळच्या आत झाला. एमोसीने दात घेतला पण मन दिलं नाही. सरदाराला, भावाला, सगळ्या गावाला लाथ मारून गेला. आता तो स्वतः यांगोना घेऊन माफी मागायला येईपर्यंत त्याच्या दाराशी कोणी जायचं नाही. नेमानीने होडी वाळूवर ओढून पालथी घातली आणि घरात बसून राहिला. एमोसी पाण्यात जाऊन उभा राहिला. आता पोरंसुद्धा त्याला हाक मारत नव्हती. वाटेवरून जाणारी माणसं त्याला बघून मान फिरवायची आणि त्यांना मान फिरवायचे कष्ट पडू नयेत म्हणून तो आधीच समुद्राकडे तोंड करायचा. मला इतका संताप आला होता की दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी इंजेक्शन जरा जोरातच टोचत होते. डॉक्टरांचं पथक सुव्याला यायला आठवडा राहिला होता.

पुढचं उनाइसीने केलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

रविवारी चर्चची प्रार्थना सुटली आणि सगळं गाव देवळाबाहेर आलं. देऊळ आणि सभाघर यांच्या मधल्या हिरवळीवर दोरी बांधलेली होती, नारळापासून नारळापर्यंत. रविवारी आमच्याकडे कोणी धुणं धूत नाही, पाप मानतात. दोरीवर एमोसीच्या चादरी होत्या. न धुतलेल्या. आठवडाभराच्या तिने साठवल्या असाव्यात. पिवळी वर्तुळं, एकात एक, कुठे रक्ताचे तपकिरी ठिपके. टोकाला त्याचा तो सभाघरातला काळा सुलू, वाळून कडक झालेला, मिठासारखा पांढरा पट्टा उमटलेला. वारा समुद्रावरून होता, त्यामुळे वासही देवळाच्या पायरीपर्यंत आला.

उनाइसी दोरीच्या टोकाशी उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. हातही केला नाही. नुसती उभी, मान खाली.

बायकांना लगेच कळलं. आयुष्यभर धुणी धुणाऱ्यांना डाग वाचायला शिकवावं लागत नाही. एकेक करून त्या बसल्या, गवतावर, मयताला बसतात तशा. मग पुरुषांना कळायला लागलं. पेनायाकाकाचं तोंड उघडं राहिलं आणि प्रथमच त्यातून काही बाहेर आलं नाही. नेमानी त्या सुलूजवळ गेला, त्याने तो हातात घेतला, आणि माझ्याकडे बघितलं.

"बादली," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"किती वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून."

एमोसी किनाऱ्यावरून वर येत होता. त्याने दोरी बघितली. बहिणीला बघितलं. तो वळला आणि परत पाण्यात गेला, कंबरेच्याही पुढे, छातीपर्यंत. मी धावले, पण माझ्या आधी नेमानी पोहोचला, देवळातल्या पांढऱ्या सदऱ्यासकट, टायसकट. तो त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मी गुडघाभर पाण्यात थांबले.

मग नेमानी म्हणाला, "मला सांगायला काय झालं होतं तुला? मी काय परका होतो?"

"काय सांगू, दादा? की मोठा बाप्या झालोय आणि अंथरूण ओलं करतो?"

"हो. तेच सांगायचं. मी तीन वर्षं झोपलो नाही रे. तू मला शाप देतोयस असं वाटायचं."

"मी कशाला शाप देऊ? मला मुतायला फुरसत नाही."

नेमानी हसला की रडला मला नीट दिसलं नाही. मग तो म्हणाला, "आत्ता मीही पाण्यातच मुतलोय. ये आता वर." मी मागून ओरडले की सुव्याला जायचंय, पथक येतंय, बरोबर माणूस हवा. नेमानी वळून म्हणाला, "मग मी काय हवापालटाला जाणार आहे?"

सुव्याचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, नेमानीने सांगितलं ते सांगते. शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली ती दुपारपर्यंत चालली. नंतर एमोसीच्या पोटातून इतक्या नळ्या निघाल्या होत्या की नेमानीला इंजिनच आठवलं. पहिल्यांदा पिशवी धुवायची वेळ आली तेव्हा नळीतून बुळबुळीत शेंबूड निघाला, माशाच्या अंगावर असतो तसा. आतड्याचा तुकडा, तो आपली सवय थोडाच सोडतो. नेमानी तिथेच घेरी येऊन पडला आणि नर्सनी त्यालाही एका खाटेवर निजवलं. पण शिकला. बरेच आठवडे रोज मिठाच्या पाण्याने धुवायचं, मोजून ओढायचं. मग एक दिवस बेंबीतली नळी काढली, आणि एमोसीने स्वतःच्या हाताने बारीक नळी बेंबीत सरकवली, आणि धार भांड्यात पडली. रात्री तो चादर चाचपत जागा राहिला. सकाळी नेमानीला उठवून म्हणाला, "दादा, हात लावून बघ." नेमानीने हात लावला. कोरडी होती.

ते परत आले त्या संध्याकाळी एमोसी यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन सभाघरात गेला आणि परातीमागे आपल्या पिवळ्या तुकड्यावर मांडी घालून बसला. पेनायाकाकाने लांबलचक भाषण केलं आणि त्यात एक नवीन नियम घुसडला. परात अर्धी झाली की सरदार परातीला विश्रांती देईल आणि त्या वेळात कालवणाऱ्याने हवं तर बाहेर जाऊन यावं. पूर्वजांपासून असंच चालत आलंय, असंही वर ठोकून दिलं. सगळ्यांनी गंभीरपणे टाळ्या वाजवल्या. मी दाराशी बसून म्हटलं, "बेंबीवाल्या, नळ सोडून ये जा." सभाघर खदखदून हसलं आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

उनाइसी त्या संध्याकाळी आली नव्हती.

पुढे एमोसीच्या मागच्या दाराशीही आली नाही. यायचं कारणच संपलं होतं. कुंपणावर आता ओली चादर नसायची. तिने रीत मोडली होती. शब्दाने नाही, पण सगळ्या गावासमोर भावाची लाज दोरीवर टांगली होती आणि तीही रविवारी. गाव तिच्याशी चांगलंच वागत होतं, पण बायका तिच्याशेजारी बसताना जरा अंतर ठेवायच्या. बहीण म्हणून जे करायचं नाही तेच तिने केलं होतं आणि त्यामुळेच तो जगला, आणि हे दोन्ही एकदम मनात ठेवणं कोणाला जमत नव्हतं. पहाटे उठायची सवय गेली नाही तिची. दवाखान्याचं दार उघडताना मला ती रोज दिसायची, रिकामी बादली घेऊन आपल्याच पायरीवर बसलेली.

मी एमोसीवर तुटून पडले. "तिच्यावर राग धरलायस?"

"हो," तो म्हणाला. मला वाटलं होतं नाही म्हणेल.

"तिने जीव वाचवला तुझा."

"ठाऊक आहे. म्हणून तर पंचाईत आहे. नुसता राग असता तर गिळला असता. नुसता उपकार असता तर फेडला असता." तो बेंबीवरच्या पट्टीशी चाळा करत बसला. "दादाने दात आणला तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. आता आहे, तर दात घेऊन कोण येणार? तिला येता येत नाही. मला जाता येत नाही. तोंडाने बोलायची सोय नाही. तीन वर्षं मी तिची पावलं ऐकली, ताराइविनी. आता कोरडा झोपतो आणि पहाटे जाग येते. बाहेर काही नसतं."

यावर माझ्याकडे गोळी नव्हती.

त्यानंतर एके सकाळी त्याला नळ्या द्यायला मी मागच्या वाटेने गेले. कुंपणाच्या बांबूवर चादर पडली होती. टाका उसवला, पिशवी गळली, नाही नाही ते मनात आलं. मी धावत जाऊन चादर धरली. कोरडी ठणठणीत. साबणाचा वास, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नाहीत. आत एमोसी दाराकडे पाठ करून बसला होता, अगदी ताठ.

पावलं ऐकू आली म्हणून मी केळीमागे झाले. उनाइसी बादली घेऊन वाटेने येत होती. बांबूशी थांबली. तिने चादर उचलली आणि सवयीने नाकाशी नेली. तशीच उभी राहिली, तोंड चादरीत. आत एमोसी खोकला.

तिने चादर बादलीत टाकली आणि ओढ्यावर गेली. धुण्यासारखं त्या चादरीत काही नव्हतं, तरी तिने ती दगडावर घासून घासून धुतली, पिळली, आणि नेहमीसारखी मागे, तिवरांच्या आडच्या दोरीवर, कोणाला दिसणार नाही अशी वाळत घातली.